भाड्यासाठी घर घेताना: हप्ता नेमका कोण भरतो?

घर कर्जाने विकत घ्यायचे, भाड्याने द्यायचे, येणाऱ्या भाड्यातून हप्ता भरत राहायचे आणि वीस वर्षांनी कर्ज फिटले की घर पूर्णपणे आपले होईल, असा आराखडा भाड्याच्या घरात पहिल्यांदा पैसे गुंतवू पाहणाऱ्या बहुतेकांच्या मनात असतो. ही कल्पना मुळातच चुकीची आहे असे नाही. काही ठिकाणी आणि काही काळात ती खरीही ठरलेली आहे. मात्र त्यासाठी एक अट पुरी व्हावी लागते. सर्व खर्च वजा जाऊन हातात उरणारे भाडे हे त्या वर्षीच्या एकूण हप्त्यांपेक्षा जास्त असावे लागते. तसे नसेल तर हप्त्याचा एक भाग भाडेकरू भरतो आणि उरलेला भाग मालक आपल्या पगारातून किंवा व्यवसायातून भरत राहतो. तो उरलेला भाग किती मोठा आहे आणि किती वर्षे भरावा लागणार आहे, हे घर घेण्यापूर्वी कागदावर मांडून पाहणे हाच या गुंतवणुकीचा खरा अभ्यास आहे. घराचा मजला, दिशा आणि दर्शनी भाग यांचा विचार त्यानंतर.

हिशेब कोणत्याही चलनात आणि कोणत्याही गावात लागू पडावा म्हणून घराची किंमत आपण 100 धरू. वाचकाने पुढचे आकडे आपल्या समोरच्या घराच्या किमतीच्या टक्केवारीत वाचावेत.

100 किमतीच्या घराचा हिशेब

घराची किंमत 100 असली तरी ते 100 मध्ये कधीच पडत नाही. नोंदणीचा खर्च, सरकारी शुल्क, वकील, दलाली, बँकेचे प्रक्रिया शुल्क, रंगरंगोटी आणि घर भाड्याने देण्याजोगे करण्यासाठी लागणारी किरकोळ डागडुजी हे सगळे मिळून आणखी 7 लागले असे समजू. म्हणजे खरी गुंतवणूक 107 झाली. आता महिन्याचे भाडे किमतीच्या अर्धा टक्का, म्हणजे वर्षाला 6 आहे असे धरू. जाहिरातींत आणि दलालांच्या बोलण्यात जो परतावा येतो तो हा 6 टक्क्यांचा, ढोबळ परतावा. पण वर्षातून एक महिना घर रिकामे राहील असे मानणे शहाणपणाचे आहे, कारण एक भाडेकरू गेला आणि दुसरा येईपर्यंत तेवढा काळ सहज जातो. त्यामुळे हाती आले 5.5. त्यातून मालमत्ता कर, इमारतीची देखभाल, विमा, नळ-विजेची दुरुस्ती, काही वर्षांनी येणारी मोठी दुरुस्ती आणि भाडेकरू शोधण्याचा खर्च यांसाठी 1.5 बाजूला काढले, तर निव्वळ भाडे उरते 4. गुंतवलेल्या 107 वर हा परतावा पावणेचार टक्क्यांहून किंचित कमीच आहे. ढोबळ आणि निव्वळ परताव्यातले हे अंतर नवख्यांना नेहमी चकवते, आणि इमारत जितकी जुनी तितके ते वाढते.

आता कर्ज. समजा बँकेने 75 दिले आणि उरलेले 25 व वरखर्चाचे 7 असे 32 आपण स्वतःचे घातले. व्याजदर 8.5 टक्के आणि मुदत 20 वर्षे असेल तर वर्षाचे हप्ते होतात 7.8. पहिल्या वर्षी यातील 6.3 व्याजात जातात आणि जेमतेम 1.5 मुद्दल फिटते. निव्वळ भाडे 4 आणि हप्ते 7.8, म्हणजे वर्षाला 3.8 आपल्या खिशातून. भाड्यातून व्याजसुद्धा सुटत नाही, मुद्दल तर लांबच राहिले.

येथे साधारणतः उत्तर मिळते की भाडे दरवर्षी वाढते आणि हप्ता तेवढाच राहतो, त्यामुळे तूट हळूहळू भरून निघेल. हे खरे आहे, पण किती हळूहळू ते पाहावे. निव्वळ भाडे दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढत गेले तर ते हप्त्याला पंधराव्या वर्षी गाठते. तोपर्यंतच्या चौदा वर्षांत खिशातून घातलेल्या रकमांची बेरीज होते 31. सुरुवातीला घातलेले 32 लक्षात घेतले तर लक्षात येईल की या घराचे डाउन पेमेंट मालकाने प्रत्यक्षात दोनदा भरले आहे, एकदा एकरकमी आणि एकदा चौदा वर्षांच्या किरकोळ तुटीतून. भाडेवाढ 5 ऐवजी 3 टक्केच झाली तर वीस वर्षांची मुदत संपेपर्यंतही भाडे हप्त्याला गाठत नाही. आणि हे उदाहरण उदार आहे हेही सांगायला हवे, कारण भारतातील मोठ्या शहरांत निवासी घराचे ढोबळ भाडे किमतीच्या 3-4 टक्क्यांच्या आसपासच घुटमळते. येथे आपण 6 धरले आहे.

कर्ज केव्हा मदत करते आणि केव्हा नाही

कर्जाने परतावा वाढतो असे सरसकट म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. घराचा स्वतःचा एकूण परतावा कर्जाच्या व्याजदरापेक्षा जास्त असेल तरच कर्ज परतावा वाढवते. वरच्या उदाहरणात भाडे आणि घराची किंमत दोन्ही वीस वर्षे दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढली असे मानू. किमतीत दरवर्षी 5 टक्के वाढ म्हणजे वीस वर्षांत 100 चे 265. एवढी वाढ गृहीत धरूनही, आणि कर व विक्रीचा खर्च न धरता, हे घर पूर्ण रोखीने घेतले असते तर वार्षिक परतावा साडेआठ टक्क्यांच्या जवळपास आला असता. बँक जेवढे व्याज घेते तेवढाच. म्हणजे कर्ज काढून गुंतवणूकदाराने जास्तीचे काही कमावले नाही. त्याने फक्त वीस वर्षांचे बंधन आणि दर वाढण्याची जोखीम पत्करली. किमती 5 टक्क्यांहून वेगाने वाढल्या तर त्याचा फायदा होईल हे उघड आहे, पण तो फायदा भाड्याचा नव्हे, किमतीच्या अंदाजाचा आहे. असा अंदाज बांधून पैसे लावण्यात गैर काही नाही. फक्त त्याला भाड्याच्या उत्पन्नाची सुरक्षित गुंतवणूक म्हणू नये.

याउलट असे घर समजा, जिथे किंमत 100 च आहे, पण निव्वळ भाडे 8 येते आणि 75 चे कर्ज 6 टक्के दराने 30 वर्षांसाठी मिळते. वर्षाचे हप्ते 5.4 होतात आणि खर्च, हप्ते सगळे भागवून 2.6 हातात उरतात. स्वतःच्या 32 वर हा 8 टक्क्यांहून थोडा जास्त रोख परतावा झाला, शिवाय पहिल्या वर्षी 0.9 मुद्दल भाडेकरूच्या पैशातून फिटले ते वेगळे. रोखीने घेतले असते तर 107 वर साडेसात टक्के मिळाले असते. येथे कर्ज आपल्या बाजूने काम करते आहे. पण याच घराचे निव्वळ भाडे काही कारणाने 8 वरून 6 वर आले तर रोखीने घेणाऱ्याचा परतावा साडेसातवरून 5.6 वर येतो आणि कर्जाने घेणाऱ्याचा रोख परतावा आठवरून 2 टक्क्यांच्याही खाली. भाडे पाव भागाने उतरले, पण मालकाच्या हाती उरणारी रोकड तीन चतुर्थांशाहून अधिक घटली.

किमतीच्या बाबतीत हेच अधिक कठोरपणे घडते. घराची किंमत 10 टक्क्यांनी घसरली तर 100 चे 90 होतात, पण बँकेचे 75 तसेच राहतात. मालकाच्या 25 चे 15 होतात, म्हणजे त्याच्या भांडवलाला 40 टक्क्यांचा फटका बसतो. अमेरिकेत 2006 नंतरच्या काही वर्षांत घरांच्या किमती देशाच्या सरासरीने चौथाईहून अधिक घसरल्या आणि ज्यांनी फारच थोडे पैसे घालून घरे घेतली होती त्यांचे कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठे झाले. जपानमध्ये 1991 च्या सुमारास जमिनीच्या किमतींचा फुगा फुटल्यावर त्या किमती दशकाहून अधिक काळ उतरत राहिल्या. घराची किंमत कधीच खाली येत नाही हे विधान या दोन्ही देशांत एकेकाळी तितक्याच ठामपणे केले जात असे.

यातून एक उपयुक्त आकडा निघतो, आणि माझ्या मते नवख्या गुंतवणूकदाराने दुसरे काही नाही तरी हा आकडा जरूर काढावा. वर्षाचे हप्ते भागिले कर्जाची रक्कम, म्हणजे कर्जाच्या प्रत्येक 100 मागे वर्षाला किती भरावे लागतात ते. पहिल्या उदाहरणात हा आकडा 10.4 येतो. निव्वळ भाड्याला त्याने भागून 100 ने गुणले की भाडे स्वतःच्या बळावर किती कर्ज पेलू शकते ते कळते. 4 चे निव्वळ भाडे सुमारे 38 चे कर्ज पेलते, 75 चे नाही. निव्वळ भाडे अडीचच असेल तर ते पेलते 24. बँक 75 देते आहे म्हणून 75 घ्यायचे, की भाडे पेलेल तेवढेच घ्यायचे, हा निर्णय त्यामुळे डोळसपणे घेता येतो. मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची एक वाट असते, पण तिची किंमत मोठी आहे. तेच 75 चे कर्ज 20 ऐवजी 30 वर्षांचे केले तर वर्षाची तूट 3.8 वरून 2.9 वर येते, आणि एकूण व्याज 81 वरून 133 च्या घरात जाते.

बँक याच प्रश्नाकडे कसे पाहते

कर्ज देणारी संस्था दोन गोष्टी तपासते: तारण पुरेसे आहे का, आणि हप्ता येत राहील का. तारणासाठी किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचे याची मर्यादा असते. भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 30 लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, 30 ते 75 लाखांच्या कर्जाला 80 टक्क्यांपर्यंत आणि त्यावरच्या कर्जाला 75 टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च सामान्यतः घराच्या किमतीत धरला जात नाही. म्हणूनच वरच्या उदाहरणातले 7 आपण पूर्णपणे स्वतःच्या खिशातून घातले. बँकेच्या मूल्यांकनात घराची किंमत व्यवहाराच्या रकमेपेक्षा कमी आली तर तेवढा फरकही स्वतःलाच भरावा लागतो, आणि हा धक्का बहुतेकदा इसार दिल्यानंतर बसतो.

हप्त्याच्या प्रश्नाकडे पाहण्याची रीत देशागणिक वेगळी आहे. ब्रिटनमध्ये भाड्याने देण्याच्या घरांसाठी वेगळ्या प्रकारचे कर्ज असते आणि त्यात कर्जदाराच्या पगारापेक्षा घराचे भाडे मुख्य मानले जाते. भाडे हे व्याजाच्या किमान 125 टक्के, आणि वरच्या करटप्प्यातील कर्जदारासाठी बहुतेक ठिकाणी 145 टक्के असावे अशी अपेक्षा असते. शिवाय 2017 पासून तेथील नियामकाच्या अपेक्षेनुसार हे गणित आजच्या दराने नव्हे तर काल्पनिक वाढीव दराने करून पाहावे लागते. तिथली अशी बरीच कर्जे फक्त व्याज भरण्याची असतात. मुद्दल मुदतीअखेर एकरकमी द्यायचे असते, त्यामुळे हप्ता हलका दिसतो आणि घर विकण्याची वेळ मात्र बँक ठरवते. अमेरिकेत गृहकर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या निकषांत साधारणपणे ढोबळ भाड्याच्या 75 टक्केच उत्पन्न धरले जाते. उरलेला पाव भाग रिकाम्या महिन्यांसाठी आणि देखभालीसाठी सोडून दिला जातो. भाड्यातून चौथाई वजा करण्याची ही सवय बँकेची असली तरी गुंतवणूकदाराने ती तशीच उचलावी. आपण वर 6 मधून 2 वजा केले, म्हणजे तिसरा हिस्सा.

व्यापारी मालमत्तेच्या कर्जात निव्वळ उत्पन्न हप्त्यांच्या सव्वापट असावे असा एक प्रचलित निकष आहे. तो आपल्या पहिल्या घराला लावला तर कर्ज 31 च्या पुढे मिळणारच नाही. प्रत्यक्षात निवासी घराला 75 मिळतात, कारण बँक घराकडे नव्हे तर कर्जदाराच्या पगाराकडे पाहून कर्ज देते. मंजुरी मिळाली याचा अर्थ गुंतवणूक चांगली आहे असा होत नाही; हप्ता बुडणार नाही एवढेच बँकेचे मत आहे, मग तो कोणत्याही खिशातून येवो.

व्याजदर स्थिर आहे की बदलता, हा प्रश्न भाड्याच्या घरात राहत्या घराहून अधिक महत्त्वाचा असतो, कारण भाडे करारात बांधलेले असते आणि दर वाढला म्हणून ते लगेच वाढवता येत नाही. अमेरिकेत 30 वर्षे दर न बदलणारे कर्ज सर्रास मिळते. भारतात गृहकर्जे मुख्यतः बदलत्या दराची असतात. मे 2022 च्या सुरुवातीला 4 टक्के असलेला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो) फेब्रुवारी 2023 मध्ये 6.5 टक्के झाला होता, म्हणजे एका वर्षाच्या आत अडीच टक्क्यांची वाढ. आपल्या उदाहरणात दर कर्जाच्या सुरुवातीलाच 8.5 वरून फक्त 10 झाला तर वर्षाचे हप्ते 7.8 वरून 8.7 होतात. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली तर 20 वर्षांचे कर्ज 32 वर्षांहून लांबते. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हा पर्याय कर्जदाराला दिला पाहिजे. तो पर्याय विचारून घ्यावा, कारण मुदत वाढली तर खात्यातून जाणारी रक्कम तेवढीच राहते आणि काही बदलले आहे हे कित्येकांना उशिरा समजते.

सुरुवात करण्याच्या वाटा

हाताशी पुरेसे भांडवल नसताना सुरुवात करण्याची मला सर्वांत समंजस वाटणारी वाट म्हणजे एकाहून अधिक घरे असलेली छोटी इमारत किंवा जोडघर घेऊन एका भागात स्वतः राहणे आणि बाकीचे भाड्याने देणे. मालक स्वतः तिथे राहत असल्याने कर्ज राहत्या घराच्या सवलतीच्या अटींवर मिळू शकते. अमेरिकेत सरकारी हमी असलेल्या एफएचए कर्जात चार घरांपर्यंतच्या इमारतीसाठी, मालक किमान एक वर्ष तेथे राहणार असेल आणि पतगुणांक (क्रेडिट स्कोअर) पुरेसा असेल तर 3.5 टक्के इतक्या कमी स्वतःच्या रकमेवर कर्ज मिळते. या वाटेचा मोठा फायदा पैशांपलीकडचा आहे: गळती कुठे होते, भाडेकरू कशाची तक्रार करतात आणि दुरुस्तीला किती लागतात हे घरबसल्या शिकायला मिळते. तोटाही तोच, की तक्रार रात्री अकरा वाजताही दारावर येते.

याच जातीची दुसरी वाट म्हणजे मोठ्या घरात जाताना जुने राहते घर न विकता भाड्याने देणे. घराचे गुणदोष माहीत असतात आणि जुने कर्ज बरेचसे फिटलेले असते, त्यामुळे हप्ता आणि भाडे यांतले अंतर कमी असते. मात्र राहण्यासाठी घेतलेले घर भाड्याने देताना बँकेला आणि विमा कंपनीला कळवावे लागते का, हे कर्जाच्या अटींत पाहून घ्यावे. काही देशांत न कळवणे हा अटींचा भंग ठरतो.

राहते घर गहाण ठेवून त्यावर कर्ज काढायचे आणि ते दुसऱ्या घराचे डाउन पेमेंट म्हणून वापरायचे, हा सल्ला बराच ऐकू येतो. मला तो नवख्यांसाठी घातक वाटतो. अशा व्यवहारात भाड्याच्या घराची पूर्ण किंमत कर्जाची असते आणि वर दाखवलेली तूट आणखी वाढते. भाडेकरूने भाडे थकवले तर संकट भाड्याच्या घरावर थांबत नाही, राहत्या घरावर येते. नातेवाईक किंवा मित्र मिळून घर घेणे त्या मानाने बरे, पण कोणाचा वाटा किती, तुटीचे पैसे कोण भरणार, आणि एकाला बाहेर पडायचे असेल तर किंमत कशी ठरवायची हे आधी लिहून ठेवले असेल तरच.

बांधकाम चालू असलेले घर स्वस्त दिसते, पण भाड्यासाठी घेणाऱ्याने ते जपून घ्यावे. बँक टप्प्याटप्प्याने पैसे देते आणि दिलेल्या रकमेवर व्याज सुरू होते. भाडे मात्र ताबा मिळाल्यावरच सुरू होणार. ताबा दोन वर्षे लांबला तर दोन वर्षांचे व्याज घराच्या खऱ्या किमतीत मिसळावे लागते, आणि मग ते घर स्वस्त राहत नाही.

वाट कोणतीही असो, डाउन पेमेंट आणि वरखर्च भरून झाल्यावर किमान सहा महिन्यांचे हप्ते आणि एखादी मोठी दुरुस्ती भागेल एवढी रोकड हाताशी उरायला हवी. घर हे तातडीने विकता येत नाही आणि त्याचा एखादा खोलीएवढा तुकडा विकून पैसे उभे करता येत नाहीत. ही रोकड उरत नसेल तर घर अजून आवाक्यात आलेले नाही.

कर आणि कायदा

कराचे नियम परताव्यात मोठा फरक पाडतात आणि ते बदलतात. भारतात भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीवर प्रत्यक्षात काहीही खर्च झालेला असो वा नसो. शिवाय कर्जाचे व्याजही वजा होते. त्यामुळे तूट दिसली तर ती जुन्या करप्रणालीत पगारासारख्या इतर उत्पन्नातून वर्षाला 2 लाख रुपयांपर्यंतच वजा करता येते आणि नव्या करप्रणालीत मुळीच करता येत नाही. अमेरिकेत जमीन वगळून इमारतीच्या किमतीवर 27.5 वर्षांत विभागलेला घसारा (इमारत झिजते असे धरून मिळणारी वजावट) मिळतो, तर ब्रिटनमध्ये 2017 ते 2020 दरम्यान टप्प्याटप्प्याने वैयक्तिक मालकांची व्याजाची पूर्ण वजावट काढून त्याजागी 20 टक्के दराची करसवलत ठेवली गेली. वरच्या टप्प्यात कर भरणाऱ्या आणि भरपूर कर्ज असलेल्या अनेक मालकांचा नफा या एका बदलाने जवळपास संपला. आजच्या करसवलतीमुळेच जो व्यवहार परवडतो, तो परवडत नाही असे समजावे.

भाडेवाढीवरही कायद्याचे बंधन येऊ शकते. जर्मनीत 2015 पासून घरटंचाईच्या भागांत नव्या भाडेकराराच्या भाड्यावर मर्यादा आहे. बर्लिनने 2020 मध्ये त्याहून कडक असा भाडे गोठवणारा कायदा केला आणि एप्रिल 2021 मध्ये तिथल्या संघीय घटना न्यायालयाने तो रद्द केला. त्या मधल्या काळात कमी भाडे घेतलेल्या मालकांनी फरक मागायचा का, हा नवाच वाद उभा राहिला. आपल्या गणितात 5 टक्के भाडेवाढ धरताना ती कायद्याने घेता येते का आणि बाजारात मिळते का, हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावेत. मालकी हक्काचे कागद, घरावर असलेला जुना बोजा, थकलेला कर आणि इमारतीच्या परवानग्या स्वतंत्र वकिलाकडून तपासून घ्याव्यात. बँकेचा वकील बँकेसाठी काम करतो.

घर पाहायला जाण्याआधी त्याच इमारतीत किंवा त्याच रस्त्यावर गेल्या काही महिन्यांत प्रत्यक्ष किती भाड्याने करार झाले ते शोधावे. मागितले जाणारे भाडे आणि ठरलेले भाडे यांत फरक असतो, आणि रिकामी घरे किती दिवस रिकामी राहतात हे विचारले तर विक्रेत्यापेक्षा इमारतीचा पहारेकरी अधिक खरे उत्तर देतो. महिन्याचे भाडे किमतीच्या एक टक्का असावे असा एक ठोकताळा अमेरिकेतून आलेला आहे. तो चाळणी म्हणून तिथे उपयोगी असेल. ज्या बाजारात अर्धा टक्काही भाडे मिळत नाही तिथे तो लावला तर एकही घर बसत नाही, आणि मग लोक घर नाकारण्याऐवजी ठोकताळाच टाकून देतात. त्यापेक्षा भाडे किती कर्ज पेलते हा आकडा प्रत्येक घरासाठी काढणे अधिक प्रामाणिक आहे.

तो आकडा निराशाजनक येत असेल तर दोन पर्याय उरतात. एक, स्वतःचे भांडवल वाढेपर्यंत थांबणे. दुसरा, भाड्याच्या उत्पन्नातच वाटा हवा असेल तर शेअर बाजारात नोंदलेल्या रिट न्यासांमार्फत, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या मालमत्ता बाळगणाऱ्या न्यासांमार्फत, तो घेणे. अमेरिकेत यासंबंधीचा कायदा 1960 चा आहे आणि भारतात सेबीचे नियम 2014 चे असून पहिला रिट 2019 मध्ये बाजारात नोंदला गेला. भारतातील रिटांकडे मुख्यतः कार्यालये आणि मॉल आहेत, घरे नव्हेत, पण त्यात वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर येत नाही.

पहिले घर घेऊन झाल्यावर दुसऱ्याचा विचार लवकरच सुरू होतो. तेव्हा बँक पहिल्या घराचा पूर्ण हप्ता देणे म्हणून धरते आणि भाडे मात्र काही टक्के कापून धरते. त्यामुळे पहिल्या घरातील 3.8 ची तूट दुसऱ्या अर्जाच्या वेळी बँकेच्या कागदावर पाचाच्या आसपास दिसू शकते, आणि तेवढ्या प्रमाणात नवे कर्ज घटते. अशा वेळी हाती आलेली जादा रक्कम दुसऱ्या घराच्या इसारात घालण्याऐवजी पहिल्या कर्जाच्या मुद्दलात भरून, आणि त्यानंतर मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून मागून, ते कर्ज भाडे पेलू शकेल त्या पातळीच्या जवळ आणले तर दुसऱ्या घराचा अर्ज मुळात अधिक मजबूत होतो. मुदतीआधी कर्ज फेडण्यावर दंड आहे का, हे तेवढे पहिल्या करारावर सही करतानाच पाहून ठेवलेले असावे.